सुरीताईंचा भाडेकरू

साहेबांनी कागदावरून मान वर केली आणि त्यांना घामच फुटला. टेबलाच्या पलीकडे, कामगारांच्या बाजूने, त्यांची घरमालकीण बसली होती.

मांसाच्या कारखान्यात त्यांना सगळे सुरीताई म्हणत. लग्नाच्या आधीपासून त्या गारठलेल्या हॉलमध्ये, सरकत्या पट्ट्यासमोर उभ्या राहून हाडापासून मांस सोडवत आल्या होत्या. त्यांच्याइतका झपझप हात कुणाचाच चालत नसे. तोंडही. म्हणून तर पगारवाढीच्या बोलणीला कामगारांनी त्यांना पुढे केलं होतं.

साहेब होते मुख्य कचेरीतले. या राज्यातल्या कारखान्याचे पगार वाढवावेत की नाही, हे ठरवायला कंपनीने त्यांना काही महिन्यांसाठी धाडलं होतं. लॉजवरचं जेवण सोसेना, म्हणून त्यांनी एका घरात खोली घेतली. खोली झकास होती. मोठी खिडकी, ऐसपैस पलंग, सकाळी दारात वाफाळता चहा. नवरा-बायको दोघंही कारखान्यात कामाला आहेत हे त्यांना ठाऊक होतं. पण ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "भाऊ, घरात कारखान्याचा विषय नको. कपड्यांना वास येतो तेवढा पुरे." त्यामुळे बोलणी करायला त्याच येणार, हे काही साहेबांना कळलं नव्हतं.

कारखान्याच्या मॅनेजरांनी घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. "राज्याने ठरवलेल्या किमान पगारापेक्षा आपण थोडा जास्तच देतो. इथे राहणंही स्वस्त. या पगारात कुटुंबाचं अगदी आरामात भागतं."

साहेबांना ते पटलेलंच होतं. रोज डोळ्यांनी पाहत होते ना! घर कसं हसतंखेळतं. नवरा गुणगुणत भांडी घासतो. आणि अख्खी एक खोली वापराविना पडून, म्हणून तर ती त्यांना मिळाली. 'वाढीची गरज दिसत नाही' असा शेरा त्यांनी लिहूनही ठेवला होता. फक्त सही बाकी होती.

"ताई, तुम्हाला काही म्हणायचंय?"

सुरीताई पुष्कळ काही पाठ करून आल्या होत्या. भाडं, औषधं, मुलीची फी, सगळं. पण समोर आपलाच भाडेकरू पाहून ते सगळं कुठल्या कुठे गेलं.

"एकच विचारते, भाऊ... म्हणजे, साहेब. तुम्ही राहता ती खोली कुणाची?"

"तुमचीच की. जास्तीची."

"जास्तीची कुठली! आमची झोपायची खोली आहे ती. घरही आमचं नाही, आम्हीच भाड्याने राहतो. तुमचे पैसे आले नाहीत तर घरमालक आमचं सामान रस्त्यावर ठेवेल."

साहेब गोंधळले. "पण तुमचे मिस्टर बाहेर सोफ्यावर झोपतात, ते घोरतात म्हणून, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"घोरतात, तेही खरंच आहे. पण मी कुठे झोपते, ते कधी विचारलंत?"

"कुठे?"

"स्वयंपाकघरात, लेकीला कुशीत घेऊन. तुम्ही पाणी प्यायला येताय अशी चाहूल लागली की उठते आणि भांडी लावायला लागते."

साहेबांना आठवलं. कितीदा तरी त्यांनी कौतुकाने म्हटलं होतं, "ताई, किती राबता हो तुम्ही!"

मागे बसलेलं कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. मग सुरीताईंनाच हसू आवरेना. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी शेऱ्याचा कागद उचलला आणि टराटरा फाडला.

पुढे बरेच दिवस ते मुख्य कचेरीशी फोनवर भांडत होते. त्यांचा आवाज हॉलपर्यंत ऐकू यायचा. शेवटी त्यांच्याच सहीने वाढ मंजूर झाली. त्या दिवशी हॉलमध्ये सगळ्यांनी सुऱ्यांच्या मुठी स्टीलच्या टेबलांवर बडवल्या आणि पट्टा थोडा वेळ नुसताच फिरत राहिला.

संध्याकाळी साहेब मिठाई घेऊन घरी आले. सुरीताई पदराशी चाळा करत दारात उभ्या होत्या. मागे नवरा, मान खाली घालून, नव्या नवरदेवासारखा लाजत.

"भाऊ, वाईट वाटून घेऊ नका. पण महिनाअखेरीला खोली रिकामी केलीत तर बरं होईल."

आपल्याच सहीने आपण बेघर झालो हे लक्षात आलं, तसे साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

रविवारी बॅग घेऊन ते नवी जागा शोधायला निघाले. इथे आले तेव्हा या गल्लीत घरोघरी 'खोली भाड्याने देणे आहे' अशा पाट्या लटकत होत्या. आता एकही दिसेना. एका खिडकीत दोन पोरं पलंगावर उड्या मारत होती. दुसरीत एक आजोबा उन्हात पाय पसरून पेपर वाचत होते. साहेबांनी विचारलं की लोक हात जोडून, हसून सांगत, "आता नाही हो देत." पाय भरून आले, पण साहेब शीळ वाजवत चालत राहिले.

गाव जवळजवळ संपलं तेव्हा, अधिकाऱ्यांच्या वस्तीत, एका फाटकावर तशीच पाटी दिसली. घर नीटनेटकं होतं, बागही होती. साहेबांनी घंटा वाजवली.

दार उघडलं ते मॅनेजरांनी.

त्यांनी साहेबांकडे पाहिलं, मग पाटीकडे. आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी साहेबांच्या हातातली बॅग घेतली, रस्त्यावर कुणी नाही याची खात्री केली आणि हळूच विचारलं, "साहेब, आमच्या पगाराचं कधी बघताय?"