जांभळ्या पोवळ्याचे मारेकरी

दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये रविराजनं तीन वर्षं खपून काचेच्या टाकीत समुद्र वाढवला होता. मीठ कालवलेलं पाणी, वर निळे दिवे आणि आत जिवंत पोवळी. त्यातलं त्याचं लाडकं जांभळं पोवळं आज अर्धं पांढरं पडलं होतं. बुडाशी नखाएवढ्या गोगलगायी चिकटून त्याचं मांस खात होत्या.

त्यानं चिमट्यानं एकेक ओढून काढली, फरशीवर ठेवली आणि पकडीनं फोडली. कवच फुटल्यावरही तो थांबला नाही, आतल्या गोळ्याचा चिखल होईपर्यंत दाबत राहिला. गालावर उडालेला रस त्यानं पुसलाही नाही. शेवटी अंड्यांचा पुंजका सापडला, तो अंगठ्यानंच चिरडला.

"अरं, गरीब गोगलगाय ती. तिच्यावर कसला राग काढतूस?" त्याची आई सारजाबाई दारातून म्हणाली.

"गरीब? गोगलगाय आन् पोटात पाय. जित्तं पोवळं कुरतडून खात्यात, आई. पोवळ्याला हात लावणारा एक बी जित्ता सोडणार न्हाई मी."

सारजाबाईनं देव्हाऱ्यातून काहीतरी आणून त्याच्यापुढं धरलं. "हात धू आन् हे घाल आधी. गुरुजींनी डोकं थंड ऱ्हायला दिलंय, आन् तू काढून ठेवतूस."

 

रविराजनं हात धुतले आणि खाऱ्या पाण्यानं खराब होऊ नये म्हणून काढून ठेवलेलं, अंगठीत मढवलेलं हरभऱ्याएवढं लाल पोवळं कपाळाला लावून बोटात घातलं.