आतला जिना

गवंड्याने आतल्या जिन्याच्या तोंडाशी विटांचा चौथा थर रचला, तेव्हा काकूंना राहवलं नाही. "एवढीशी फट ठेवलीस तर काय बिघडेल रे?"

"माझं काय बिघडतंय, काकू? तपासायला येणारा नेमकं तिथंच बोट ठेवील. वरच्या बिऱ्हाडाला खालच्या घरातून वाट नको, असा नियमच आहे."

नियम नवा होता. आजवर या वस्तीत एका बंगल्यात एकाच कुटुंबाने राहायचं, असा दंडक होता. आता दुसरं बिऱ्हाड ठेवायला मोकळीक मिळाली होती, गावात कामाला येणाऱ्यांना परवडेल अशा भाड्यात जागा मिळावी म्हणून. त्याआधीच्या गावसभेत सगळी गल्ली विरोधात. "उद्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरणार नाही," म्हणून शेजारी तावातावाने भांडले. गल्लीतून बाजूने हात वर केला तो एकट्या काकूंनी. काका गेल्यापासून घर त्यांना खायला उठत होतं. घरात माणूस येणार, एवढंच त्यांनी ऐकलं. वरच्यांचा जिना बाहेरून हवा, ही अट त्यांच्या कानात शिरलीच नाही. उतावळेपणा, दुसरं काय!

विटांचं काम चालू असतानाच जागा बघायला आलेली नर्स रात्रपाळी करून थेट आली होती. बाहेरच्या जिन्याने वर गेली, नळ सोडून पाहिला, ओट्यावरून हात फिरवला आणि खाली आली. काकूंनी चहा पुढे केला.

"स्वयंपाकाचं मनावर घेऊ नकोस हं. माझ्याबरोबरच जेवत जा. एकटीपुरतं करायचा कंटाळाच येतो मला."

नर्सने कप खाली ठेवला. "काकू, राग मानू नका. तिकडे लांब एका खोलीत आम्ही सहाजणी राहतो. कुणी ना कुणी सारखं बोलतच असतं. मला आपलं दार लावून गप्प पडायचंय. त्यासाठीच तर घेतेय जागा."

काकूंना ते चांगलंच लागलं. पण पोरीचे तांबारलेले डोळे बघून रागही धरता येईना.

"लाव बाबा विटा," त्या गवंड्याला म्हणाल्या. मग नर्सकडे वळल्या. "माझी एक अट आहे."

नर्सने पर्स मांडीवर ओढली. पाहुणे नकोत, उशीर नको, आवाज नको. घरमालकिणींच्या अटी तिला पाठ होत्या.

"सांगा."

"कामावरून आलीस की दार जरा आपटून लावत जा. खाली ऐकू येईल असं."