शेंगवर्गीय

"नखाने दाब. तुटली का?"

देवश्रीने भिजलेली हरभऱ्याची डाळ नखाखाली धरली. तिचे दोन तुकडे झाले.

"म्हणजे नीट भिजली," विद्याताई म्हणाल्या. "आता सोनमला बघू दे."

खालच्या मजल्यावरची सोनम स्टुलावर उभी होती. तिला दूध चालत नसे, आणि शेंगदाण्याचा किंवा काजूचा कण जरी पोटात गेला तरी तिचा घसा सुजत असे. शाळेत कुणाचा वाढदिवस असला की तिच्या ताटलीत नुसते वेफर्स. म्हणून आज विद्याताईंनी नातीला आणि तिच्या मैत्रिणीला मॅक्रोनीवरचा चीज सॉस शिकवायला घेतला होता. त्यात ना चीज, ना काजू.

डाळ शिजली. बटाटा, लसूण, हळद, लिंबू घालून मिक्सरमधून गुळगुळीत वाटून झाली. विद्याताईंनी तेहेतीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळला होता, त्यामुळे हात चालू असले की तोंडही चालू.

"हरभरा, तूर, मूग, वाटाणा ही सगळी शेंगेत जन्मलेली मंडळी. शेंगवर्गीय. गंमत सांगू? भुईमूग पण ह्यांचाच भाऊ. काजू-बदामांच्या घरचा तो नव्हेच."

"मग माझ्यावरच का चिडतो तो?" सोनमने विचारलं.

"असतो एखादा घरात तसा."

सोनम खिदळली. देवश्री शेगडीकडे बघत होती.

"आजी, कुकरखालचा गॅस बंद केलास?"

"केला गं."

"नक्की ना? बाबा म्हणालेत, आता आणखी एक चूक झाली की हेब्बाळ."

"हेब्बाळला काय आहे?" सोनमने विचारलं.

"म्हाताऱ्यांचं हॉस्टेल. मग खोली माझी एकटीची."

"साबुदाण्याचं पीठ दे इकडे," विद्याताई म्हणाल्या. "चमचाभरच घालायचं. त्याने तार येते."

आलीच. सोनमने चमचा वर उचलला तर पिवळी तार पार पातेल्यापर्यंत लोंबली. तिने तीन वाट्या खाल्ल्या. एवढ्यात तिला न्यायला तिची आई, प्रणिता, दारात आली.

"मम्मी, शेंगांचा सॉस! आज्जींनी शिकवला!"

प्रणिता बेळगावची. तिच्याकडे शेंगा म्हणजे भुईमुगाच्याच.

"शेंगा? काय घातलासा ओ ह्यात?"

एका शब्दात 'हरभरा' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण अर्धवट उत्तर देण्याची विद्याताईंना सवय नव्हती.

"शेंगाच म्हणायच्या तशा. म्हणजे कूळ शेंगांचं. आता भुईमूगसुद्धा त्याच कुळातला, पण..."

पुढचं ऐकायला प्रणिता तिथे नव्हती. ती सोनमला बेसिनवर ओणवं करून तिच्या घशात बोटं घालत होती. आरडाओरडा ऐकून देवश्रीचा बाबा, सुहास, मीटिंग सोडून बाहेर आला, हेडफोन गळ्यातच.

"आई, दाणे घातलेस तू?"

"नाही रे. हरभऱ्याची डाळ. तो बघ डबा..."

"मागच्या वेळी गॅस बंद केला असंही म्हणाली होतीस." तो मुलीसमोर उकिडवा बसला. "देवू, तू सांग. खरं सांग."

देवश्रीने त्याच्याकडे पाहिलं. मग आजीकडे. गणित सुटलं की व्हायचा तसा तिचा चेहरा शांत झाला.

"घातले. मूठभर."

"देवू!"

"मी नको म्हणत होते बाबा. सोनमला चालत नाही म्हटलं. तर म्हणाली, चालतं गं, हरभऱ्याचाच भाऊ आहे तो."

बेसिनवर हुंदके देत सोनमने मान हलवली. "भाऊ म्हणाल्या आज्जी. खरंच म्हणाल्या."

"पोरगीचा जीव घेतलासा असता की ओ," प्रणिता म्हणाली आणि सोनमला उचलून लिफ्टकडे धावली.

विद्याताई नातीकडे बघत राहिल्या. देवश्रीने नजर वळवली नाही. सुहासने पातेलं कचऱ्याच्या पिशवीत उपडं केलं, मिक्सरचं भांडं नळाखाली धरलं.

चार वाजता प्रणिताचा मेसेज आला. डॉक्टरांनी सोनमला तीन तास नजरेखाली ठेवलं होतं. घसा ठीक, श्वास ठीक, अंगावर एक पुरळही नाही.

"बघ," विद्याताई हळूच म्हणाल्या. "दाणे असते तर..."

"नशीब त्या पोरीचं, दुसरं काय," सुहास म्हणाला आणि हेब्बाळला फोन लावायला बाल्कनीत गेला. काचेचं दार त्याने ओढून घेतलं. तरी 'सोमवार' एवढं ऐकू आलं.

विद्याताई खोलीत जाऊन आपल्या पलंगावर बसल्या. थोड्या वेळाने देवश्री आली. तिच्या हातात शिवणाच्या डब्यातली टेप होती.

"आजी, पाय वर घे ना जरा."

त्यांनी पाय वर घेतले. देवश्री पलंगाच्या डोक्याशी भिंतीला टेकून बसली, टेपचं एक टोक तिने भिंतीला लावलं आणि दुसरं आजीच्या हातात दिलं.

"तिकडे खिडकीपर्यंत ने आणि आकडा वाच. माझं टेबल इथे येणार आहे."

विद्याताई उठल्या. गुडघा धरून खिडकीपाशी गेल्या, टेप ताणली, चष्मा लावला. मग मागे वळून त्यांनी देवश्रीच्या बोटांकडे निरखून पाहिलं.

"बाळ, एकावर नाही धरायचं," त्या म्हणाल्या. "शून्यावर धर. नाहीतर टेबल बसणार नाही."