जोडीची गोळी

संधिवाताच्या नेहमीच्या गोळ्यांबरोबर डॉक्टरीणबाईंनी एक नवी गोळी जोडून दिली. औषधवाला म्हणाला, "काका, ही तर उदासीवर देतात."

टेलरकाकांच्या मनात पाल चुकचुकली. बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं. लेकीनेच डॉक्टरांचे कान भरले असणार.

"तुझ्या आईला विसरायची गोळी मी घेणार नाही," ते लेकीवर डाफरले.

"बाबा, ती सांध्यांच्या दुखण्यावरही उपयोगी पडते, असं डॉक्टरीणबाईच म्हणाल्या. मी चकार शब्द बोलले नाही, शप्पथ!"

"चोराच्या मनात चांदणं!"

पण बोटांत सुईही धरवेना, तेव्हा त्यांनी नाइलाजाने गोळी सुरू केली. रोज उठल्याउठल्या बायकोचा चेहरा नीट आठवतो ना, याची खात्री करून घेऊ लागले.

एका सकाळी त्यांनी सदऱ्याची सगळी बटणं स्वतःच लावली. बोटं आखडल्यापासून ती बायकोच लावून द्यायची. ती गेल्यावर त्यांनी बटणांचा सदराच सोडला होता. शेवटचं बटण लागलं आणि ते आरशासमोर ढसाढसा रडले.

लेक धावत आली. डोळे पुसत ते म्हणाले, "तुझंच खरं गं. गोळी सांध्यांचीच आहे."