अकरा ओळी मोकळ्या

शेवटच्या पानांच्या फर्म्याचं प्रूफ तपासून पार्श्वनाथ मास्तरांनी चष्मा काढला, पण ते उठले नाहीत. मंगळवार पेठेतल्या त्या छापखान्यात दुपारी दोघंच होते. समोर शमशुद्दीन अक्षरांचे खिळे जुळवत होता. मास्तरांची कादंबरी आजवर त्याच्याशिवाय कुणाच्याच नजरेखालून गेली नव्हती. तो वाईट म्हणाला, तर छपाई इथंच थांबवायची, असं ते घरून ठरवून आले होते.

"शमशुद्दीनभाई, कशी वाटली?"

"आमी वाचत न्हाय मास्तर. जुळवतो."

मास्तरांनी पिशवी उचलली.

"पर युसुफची गोष्ट हाय म्हणून ध्यान गेलं," शमशुद्दीन म्हणाला. "भाऊ त्येला हिरीत टाकत्यात, सौदागर मिसरला नेत्यात. वाळवंटातली लढाई तर झ्याक जमलीया." त्याचा हात चालूच होता. "बाप तेवढा जमला न्हाय."

"याकोब?"

"आमच्या कुराणात तो पोरासाठी रडून रडून आंधळा हुतोय. तुमचा एका ओळीत गप बसलाय."

"लिहिलं होतं मी. मग खोडलं."

"का वं?"

"घरचं वाटायला लागलं. आमचाही पोरगा परत आलेला नाही."

शमशुद्दीननं पहिल्यांदा मान वर केली. "ती पानं छापून झाली, खिळे सोडले. पर शेवटच्या पानावर बाप-लेक भेटत्यात की. तितं अकरा ओळी मोकळ्या हायत. सांगा, जुळवतो."

मास्तर पुन्हा बसले. कागद न घेताच सांगू लागले. म्हातारा काही बोलत नाही. नुसता हात लावून बघतो. कपाळ, कान, खांदे. पोराला दाढी आलेली असते. तिथं हात अडखळतो.

शमशुद्दीनची नजर मास्तरांच्या तोंडाकडं होती. बोटं न बघताच एकेक खिळा वेचत होती. चार ओळी झाल्यावर ती थांबली.

"आन् पोरगं? त्ये काय म्हणतंय?"

मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"ते मला सुचत नाही," ते म्हणाले.

उरलेल्या सात ओळींच्या जागी शमशुद्दीन कोरं, अक्षर नसलेलं शिसं भरू लागला.

"तिथं रिकामंच दिसणार ना?"

"कागदावर. हितं भरावंच लागतंय. न्हायतर वरची अक्षरं पडत्यात."

त्यानं पानाभोवती दोरा गुंडाळला, आवळून गाठ मारली आणि मास्तरांकडं पाहिलं.

"छापा," मास्तर म्हणाले.