गोपनीय काम

इरम रत्नागिरीतल्या घरी बसूनच मुंबईच्या एका कंपनीचं काम करायची. कंपनीची प्रत्येक फाइल उघडून तिला लेबल लावायचं: सार्वजनिक, अंतर्गत की गोपनीय.

त्या दुपारी अम्मीने खोबऱ्याच्या वाटपाचे हात ओढणीला पुसत पुन्हा विचारलं, "इरम, तुझं काम तरी काय गो? बाया विचारतात."

समजावत कोण बसणार? स्क्रीनवरची नजर न काढता इरम म्हणाली, "गोपनीय आहे, अम्मी."

"बरं," म्हणून अम्मी कालवणाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मी उठलीच नाही.

भेटायला आलेल्या शेजारच्या जमिला खाला डोळे पुसत म्हणाल्या, "आदल्या सांजेलाही आम्ही तिला चिडवलं. म्हटलं, लेक काय काम करते ते तुला तरी ठाऊक आहे काय गो? तर म्हणाली, 'माझी लेक मला सगळं सांगते. पण मी बाहेर बोलायची नाही.'"

सगळी माणसं गेल्यावर इरम अम्मीच्या खाटेशी बसली.



"अम्मी, गोपनीय काहीच नव्हतं. मला फक्त सांगायचा कंटाळा होता."