पेन दाखवा

पडद्यावरून पेशंट तपासणं मला मुळातच पटत नाही. लिनेटबाईंनाही ते पटत नव्हतं, पण त्यांच्या गुरांच्या माळरानावरून ब्रिस्बेनला माझ्या दवाखान्यात यायचं म्हणजे बारा तासांचा रस्ता. यंदा म्हणाल्या, "डॉक्टर, या खेपेला व्हिडिओ कॉलवरच उरका." त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला, पिपाला, मधमाशी चावली की घसा सुजतो आणि श्वास अडकतो. अशा वेळी मांडीत टोचायचं इंजेक्शनचं पेन हाताशी हवंच. चार वर्षं दर भेटीत मी आधी तेच मागत आलो आणि दर भेटीत ते माझ्या टेबलावर हजर झालं. फाइलमध्ये मी लिहीत गेलो, ‘पेन सदैव जवळ असतं.’ आजही म्हणालो, "पेन दाखवा." "आणते हं," म्हणत बाई उठल्या. मग कपाटं उघडल्याचे, खण ओढल्याचे आवाज येत राहिले. पिपाच्या मागे खिडकी सताड उघडी होती आणि बाहेर निलगिरीचं झाड फुलांनी लगडलं होतं. "म्हणूनच मी म्हणतो, समोर या," मी चिडून पुटपुटलो. पिपा कॅमेऱ्याजवळ सरकली. "रागावू नका ना. आई उगाच शोधतेय. पेन बाबांच्या गाडीत असतं. बाबा गुरं वळवायला गेलेत, शुक्रवारी येतील." "अगं, मग माझ्याकडे येताना दरवेळी कसं असायचं?" "तुमच्याकडे आम्ही त्याच गाडीने येतो ना," ती म्हणाली.